आधी रेषा, मग गणित

जे मी बायकोलासुद्धा कधी सांगितलं नाही, ते सुरुवातीलाच लिहून टाकतो. मागं ठेवलं तर मी इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि ते राहूनच जाईल. माझं मला माहीत आहे.

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात एक आलेख आहे. पैठण रस्त्यावरच्या एका कारखान्यामागं सांडपाण्याचं तळं होतं. त्या तळ्यातली घाण जमिनीखालून किती लांब जाईल, हे तो आलेख दाखवतो. डावीकडं उंचावर सुरू होणारी रेषा अलगद उतरते आणि शेजारच्या गावातल्या विहिरींच्या बरीच अलीकडं जमिनीला टेकते. म्हणजे विहिरी सुरक्षित. ती रेषा संगणकातून आली असं प्रबंधात लिहिलंय. ते खोटं आहे. ती रेषा आधी पेन्सिलीनं काढली गेली आणि तिच्यावर बसतील असे आकडे मी नंतर शोधले.

पेन्सिल निंभोरे सरांची होती. सर गेल्या उन्हाळ्यात वारले. शोकसभेत मलाच बोलायला उभं केलं, कारण मी त्यांचा लाडका विद्यार्थी. 'सरांनी आम्हाला गणितात निसर्ग पाहायला शिकवलं,' असं मी म्हणालो. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले. मला माझ्याच आवाजाची शिसारी आली. त्या भाषणात जे नव्हतं, ते इथं लिहितोय.

प्रा. दौलतराव निंभोरे मूळचे पिशोरकडचे. घरची जमीन भरपूर, बोलण्यात तोरा आणि माया दोन्ही. जन्म पोलीस अ‍ॅक्शनच्या वर्षीचा. 'मी पोटात होतो तेव्हा निझामाचं राज्य, बाहेर आलो तर भारत. बिनपासपोर्टची बॉर्डर क्रॉस केली,' हा विनोद ते बाहेरगावाहून आलेल्या प्रत्येक परीक्षकाला ऐकवायचे, आणि आम्ही विद्यार्थी प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारखे हसायचो. त्यांचे वडील उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं घरातली उर्दू सरांच्या गणितात उतरली होती. वजाबाकीला ते तफरीक म्हणत. एखादा आकडा पसंत पडला नाही की हात झटकून म्हणत, "याला तफरीक करा." म्हणजे काढून टाका.

माणूस देखणा होता. केस मागं वळवलेले, पांढरी सफारी. पण जवळ बसलं की त्यांचे चाळे दिसायला लागत. जेवल्यावर दातात अडकलेलं जिभेनं ओढून काढायचे आणि त्याचा 'त्स्क' असा आवाज यायचा. पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं करायचे. आणि एक खोड तर मी अजून विसरू शकत नाही. विभागातलं छपाईयंत्र तेव्हा कडेला भोकं असलेल्या लांबलचक कागदावर आकडे छापायचं. सरांना न आवडलेलं उत्तर त्या कागदासकट त्यांच्या टेबलावर जमा व्हायचं, आणि दुपारी शहागंजातून नान-खलिया, म्हणजे रोटी आणि मटणाचा रस्सा, आला की तोच कागद पसरून त्यावर सर जेवायचे. खलियाचा लाल तवंग आकड्यांवरून पसरत जायचा. शेवटी त्याच कागदाला बोटं पुसून ते गोळा करून टोपलीत टाकायचे. एखाद्याचं महिन्याभराचं काम असायचं ते.

आमचं काम काय, ते थोडक्यात सांगतो. मॉडेल म्हणजे खऱ्या गोष्टीची गणितात केलेली नक्कल. जमिनीतून पाणी कसं सरकतं, तापलेल्या पत्र्यावरून द्रव कसा वाहतो, हे समीकरणात मांडायचं. ती समीकरणं सहसा हातानं सुटत नाहीत. म्हणून जमिनीचे चौकोन पाडायचे आणि संगणकाकडून पाणी एका चौकोनातून दुसऱ्यात ढकलत न्यायचं. चौकोन मोठे घेतले तर उत्तर झटपट येतं, पण भलतंच येऊ शकतं. बारीक घेतले तर यंत्र दिवस दिवस घेतं, पण उत्तर खऱ्याच्या जवळ सरकतं. प्रामाणिक माणूस चौकोन बारीक करत जातो आणि उत्तर हलायचं थांबलं की मगच त्याच्यावर विश्वास ठेवतो. एवढंच शास्त्र. बाकी सगळी मेहनत.

सरांची पद्धत उलटी होती. मी त्यांच्याकडं रुजू झालो त्या दिवशी त्यांनी आलेखाचा कागद घेतला, पेन्सिल जिभेवर टेकवली आणि एका दमात एक रेषा काढली. कुठं थरथर नाही, कुठं खोडरबर नाही. खरंच सुंदर होती.

"बघ. अशी आली पाहिजे."

"कशाची रेषा आहे सर?"

"ते तू ठरव. रक्ताची काढ, मधाची काढ. आधी रेषा, मग गणित. समीकरणात चार-पाच गुणांक असतात, ते काय देवानं दिलेले असतात का? फिरव की. फिरवता फिरवता बसतं."

तापलेल्या पत्र्याच्या त्या एकाच गणितावर आमच्या आधी किती जणांनी डॉक्टरेट घेतली, ते मोजायला नको. पत्रा तोच, समीकरण तेच. एकानं त्यावरून पाणी वाहवलं, दुसऱ्यानं तेल, तिसऱ्यानं रक्त. तापलेल्या पत्र्यावरून रक्त का वाहावं, हे कोणी विचारलं नाही. निबंध छापून येत राहिले, सरांचं नाव प्रत्येकावर पहिलं. तोंडी परीक्षा झाली की विद्यार्थ्यानं सगळ्या विभागाला जेवण द्यायचं, परीक्षकासाठी मटण वेगळं. मटण चांगलं होतं की नाही, यावर विभागात जितकी चर्चा व्हायची तितकी प्रबंधावर कधी झाली नाही.

माझ्याबरोबर रईस नावाचा मुलगा होता, शहागंजातला. माझ्याहून कितीतरी हुशार. एकदा त्याच्या कामात दूषिताचं प्रमाण वजा यायला लागलं. वजा आकडा अशा वेळी ओरडून सांगत असतो की तुमचे चौकोन फार मोठे आहेत. रईस कागद घेऊन सरांकडं गेला.

सर म्हणाले, "जगात वजा विष असतं का?"

"नाही सर."

"मग शून्य लिही. एक ओळ टाक प्रोग्रॅममध्ये. वजा आलं की शून्य. निसर्गाचंच म्हणणं आहे, माझं नाही."

बाहेर व्हरांड्यात रईस मला म्हणाला, "मियाँ, ये कायका मॉडल? दर्जी की दुकान है ये. दर्जी आदमी का नाप लेके कपडा सीता, सर कपडा पहले सीके बाद में आदमी कू काटते."

आम्ही पोट धरून हसलो. पुढच्याच महिन्यात त्यानं संशोधन सोडलं आणि घराशेजारी शिकवणी काढली. सर म्हणाले, "पोरगं हुशार, पण चिकाटी नाही." मी मान डोलावली. रईसची ती ओळ मात्र मी माझ्या प्रोग्रॅममध्ये टाकली. वजा आलं की शून्य.

आता एक गोष्ट सांगितली नाही तर मीही तफरीक केल्यासारखंच होईल. माझ्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला तेव्हा सर स्वतःच्या गाडीतून त्यांना घाटीच्या सरकारी दवाखान्यात घेऊन आले. डॉक्टरांशी भांडून खाट मिळवली. दुपारभर स्टुलावर बसून वडिलांच्या तोंडातून गळणारी लाळ स्वतःच्या रुमालानं पुसत होते. मला पुढं होऊ दिलं नाही. "तू पोरगा आहेस, तुला बघवणार नाही," म्हणाले. आमच्या नात्यातल्या एकानंही तेवढं केलं नाही. वडील नंतर कितीतरी वर्षं जगले. सरांबद्दल नुसती किळस वाटून घेणं म्हणूनच मला कधी जमलं नाही. आणि पुढं ऐन वेळी मी खरं बोललो नाही, त्यात या रुमालाचाही हात होता.

पैठण रस्त्याच्या त्या गावानं तक्रार केली होती की तळ्यातलं पाणी झिरपून आमच्या विहिरीत येईल, तळं हलवा. समिती बसली. समितीनं गणितज्ञांचं मत मागवलं आणि ते काम सरांकडं आलं. सरांनी मला जीपमध्ये घातलं. "चल, तुझ्या प्रबंधाला खरा पत्रा मिळाला."

तळ्याला सर्वांत जवळची विहीर भागाबाईची. धनगराची बाई, नवरा मेंढरं घेऊन लांब गेलेला, ती घरी शेळ्या आणि थोडी शेती बघायची. आम्ही बाटलीत पाणी भरून घेताना ती काठावर उभी राहून सगळं बघत होती.

"मास्तर, ह्ये पाणी पेयाजोगं हाय का नाय, येवढंच सांगा. बाकी तुमचं गणित तुमाला."

सर हसून म्हणाले, "अहो बाई, त्यासाठीच आलोय. घाबरू नका."

"घाबरत नाय वो. पर शेळ्या लई दिसापासून हौदाला तोंड लावंनात. माणसाला जिभंचं कळत नाय, जनावराला कळतं. बसा, च्या टाकते."

त्याच विहिरीच्या पाण्याचा चहा आला. कपाला कान नव्हता. मी प्यायलो. चव मला वेगळी लागली नाही, किंवा लागली असेल तरी मी लक्ष दिलं नाही. सरांनी हात जोडले. "बाई, मला शुगर आहे. डॉक्टरनं बंद केलाय."

"बिनसाखरंचा करू का?"

"नको, नको. उगं तसदी नको."

परत येताना चितेगावच्या फाट्यावर सरांनी जीप थांबवली आणि टपरीवर दोन कप मागवले. दोन्ही स्वतःसाठी, साखर जास्त. बशीत ओतून फुर्र फुर्र करत प्यायले. मी त्यांच्याकडं बघत राहिलो. त्यांनी बशीच्या कडेवरून माझ्याकडं बघितलं आणि 'त्स्क' असा आवाज करून दुसरीकडं तोंड फिरवलं. एकही मोजमाप व्हायच्या आधी सरांना उत्तर माहीत होतं, हे मला तिथं कळलं.

तरी मी गणित नीट केलं. एकदाच, पण नीट केलं. पुस्तकातले आकडे वाळूचे असतात. वाळूत पाणी सगळीकडून सावकाश झिरपतं. आपल्याकडं खाली काळा दगड, आणि दगडाला भेगा. भेग सापडली की पाणी तिच्यातून धावतं. मी मॉडेलमध्ये भेगेचा पट्टा घातला, चौकोन बारीक केले, वजा-शून्याची ती ओळ काढून टाकली आणि यंत्र लावून दिलं. उत्तर हलायचं थांबेपर्यंत थांबलो. रेषा विहिरींच्या अलीकडं टेकत नव्हती. ती विहिरींवरून पुढं जात होती, आणि तेही काही मोजक्या वर्षांत.

तो कागद मी सरांपुढं ठेवला. जेवणाची वेळ होती. त्यांनी शेवटपर्यंत वाचला, प्रत्येक रकाना, हे मी कबूल केलं पाहिजे. मग विचारलं, "भेग तू डोळ्यानं बघितलीस?"

"नाही सर. पण या भागात असतातच."

"असतात म्हणजे? मॉडेलमध्ये असतात-बिसतात चालत नाही. पुस्तकात वाळू आहे, वाळू घे."

"पण सर, आपल्याकडं वाळू नाहीये."

"तुला डिग्री पाहिजे का विहीर पाहिजे?" ते अजिबात चिडले नव्हते. उलट आवाजात काळजी होती. "हे तळं हलणार नाही, राजा. कोणी हलवू देणार नाही. तू उगं मधी चिरडला जाशील. मी तुला वाचवतोय."

मग त्यांनी कोरा आलेख-कागद ओढला, पेन्सिल ओली केली, आणि ती उतरती रेषा काढली. विहिरींची जागा त्यांनी आधी टिंबानं दाखवून घेतली होती. रेषा टिंबाच्या अलीकडं टेकवली. मग माझा कागद पसरला आणि त्यावर नान ठेवला.

मी उठून गेलो नाही. समोर बसून राहिलो. त्यांनी विचारलं, "खातोस?" मी एक तुकडा घेतला.

वाळूचे आकडे त्या रेषेवर बसवायला मला आठवडासुद्धा लागला नाही.

समितीच्या बैठकीत सरांनी पडद्यावर ती रेषा दाखवली आणि बिनपासपोर्टचा विनोदही सांगितला. मागं गावातली काही माणसं उभी होती, त्यांच्यात पदर घट्ट ओढून भागाबाई. समितीतल्या एका वयस्कर सदस्याला बहुधा काहीतरी खटकलं असावं. त्यांनी सरांना सोडून मला विचारलं, "हा प्रोग्रॅम तुम्ही स्वतः चालवलात? हे उत्तर तुमचं आहे?"

सगळे माझ्याकडं बघायला लागले. सरही. त्यांच्या कपाळावर घाम होता. मला वाटलं, पंखा बंद आहे म्हणून.

"हो," मी म्हणालो. "माझं आहे."

तळं तिथंच राहिलं. मला डिग्री मिळाली, तोंडी परीक्षेचं जेवण झालं, मटणाची तारीफ झाली. नोकरी लागली. आज मी एका कॉलेजात विभागप्रमुख आहे आणि मुलांना सांगतो की चौकोन बारीक करून तपासल्याशिवाय उत्तरावर विश्वास ठेवू नका. मुलं लिहून घेतात.

पुढं त्या गावच्या विहिरी खराब झाल्या. टँकर सुरू झाले. कारखाना कधीचाच बंद पडून मालक निघून गेला, तळं मात्र तिथंच आहे. काही वर्षांपूर्वी घाटीच्या ओपीडीच्या बाकावर एका म्हातारीनं मला हाक मारली.

"ओ मास्तर. तुमीच ना त्ये पाणी भरून नेणारे?"

भागाबाई होती. किडनीचं चालू होतं, तोंडावर सूज. तिला तसं पाण्यानं झालं, असं कुठला डॉक्टर लिहून देत नाही, आणि मलाही ते गणितानं सिद्ध करता येणार नाही. याच वाक्याच्या आडोशाला मी इतकी वर्षं काढली.

"तुमी तरी च्या पेला व्हता आमच्यात," ती म्हणाली. "त्ये दुसरे सायेब नव्हते पेले. घरधनी मेंढरं घिऊन परत आले तव्हाच मी त्यांना म्हणलं, ह्यो माणूस पाणी पेत नाय आन् आपल्याला पे म्हणतो. पर त्ये म्हणले, दुसरा पेला ना! त्यो बी शिकलेलाच हाय. मंग आमी पेत राह्यलो."

तिच्या आवाजात राग नव्हता. तिनं माझ्या मुलाबाळांची चौकशी केली. तिचा नंबर आला आणि ती भिंतीला धरत आत गेली. मी तिची वाट न बघता तिथून निघालो.

त्यानंतर मी जुनं गणित पुन्हा केलं. आता यंत्र चहा होईपर्यंत उत्तर देतं. रेषा तशीच आली, विहिरींवरून पुढं जाणारी. ती घेऊन मी हर्सूलला सरांच्या घरी गेलो. समितीला आणि गावाला दोघांच्या सहीनं कळवू, असं सांगायचं होतं.

सर अंगणात वेताच्या खुर्चीत उन्हात बसलेले. फार वाळले होते. सदऱ्याची बटणं एकेक घर चुकवून लावलेली. मी बोलत होतो तोवर त्यांनी एकदाही मधे तोडलं नाही.

मग म्हणाले, "त्या बैठकीत तुला विचारलं तेव्हा मी घाबरलो होतो. वाटलं, हा आता बोलतो. आणि खरं सांगू? बोललास तर बरं, असंही वाटलं. मी तर सुटणार नव्हतो, पण निदान एक जण तरी… पण तू 'हो' म्हणालास. मला तुझी किळस आली, राजा. माझी मला होतीच. पण तुझी त्या दिवशी आली."

मला वाटायचं, किळस ही माझ्या एकट्याच्या मालकीची आहे. इतकी वर्षं मी ती त्यांच्याकडं बघत बघत पोसली होती.

"मग आता तरी सही करा सर."

"छे. सुना-नातवंडं आहेत, नाव आहे. तू कर. मला कोणी विचारलं तर मी म्हणेन, आठवत नाही. वय झालंय, लोकांना पटेल."

आणि ते हसले. मी उठलो. फाटकापाशी वळून बघितलं तर ते खुर्चीचे हात धरून उठायची धडपड करत होते. पाहुण्याला फाटकापर्यंत सोडायचं ही त्यांची रीत. अर्धे उठले, पुन्हा बसले. तिथूनच हात वर केला. मी केला नाही.

तीच शेवटची भेट. त्यानंतर शोकसभेत त्यांचा फोटो बघितला.

आता त्या रेषेबद्दल सांगू शकेल असा मी एकटाच उरलोय. त्या गावासमोर उभं राहून, माझ्या एकट्याच्या सहीनं, पाणी पिण्याजोगं राहणार नव्हतं आणि हे मला तेव्हाच माहीत होतं, एवढं उत्तर मी देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.